तात्यांनी कळसमधून ऑफिस उघडलं

लोंढे तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून उभे होते. मी बारामतीच्या कालव्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून रुजू व्हायला आले होते. हातात ऑर्डर. साहेबांच्या केबिनशेजारच्या लहानशा खोलीत पन्नाशी ओलांडलेला एक माणूस वाकून त्या डब्याचं काहीतरी ऐकत होता. अंगात फिकट सफारी, खिशाला तीन पेनं. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी दारातच थांबले. मिनिटभराने ते सरळ झाले आणि म्हणाले, “लिहितोय अजून. आतनं कुरकुर ऐकू येती तवर त्याला हात लावायचा न्हाय.”

कॉम्प्युटरबद्दल मला मिळालेला हा पहिला धडा. पुढे बरेच मिळाले.

आमचं ऑफिस कालव्याचं पाणी वाटणारं. मोठ्या कालव्यातून शेतांकडे जे पाट काढलेले असतात त्यांना चारी म्हणतात. कुठल्या चारीला कधी पाणी सुटणार, कुणाच्या शेताला किती दिवस, याच्या याद्या आमच्याकडे तयार व्हायच्या. त्या वर्षानुवर्षं हातानेच लिहिल्या जात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वरून एक कॉम्प्युटर आला. सहा महिने तो खोक्यातच होता. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, पुण्याला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला कोण जातंय? सगळ्यांनी खाली बघितलं. एकाला मोतीबिंदूची सुरुवात आठवली, एकाला मुलीचं लग्न. तात्यांनी एकट्यांनी वर बघितलं. ही हकीकत मला आल्या आल्या तीन जणांनी सांगितली, आणि तिघांच्याही बोलण्यात ‘आपण थोडक्यात वाचलो’ असा सूर होता.

त्यांचं नाव रामचंद्र लोंढे. गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. सकाळी एसटीनं यायचे, संध्याकाळी एसटीनं जायचे. सगळं ऑफिस त्यांना तात्या म्हणायचं. साहेब वयानं लहान, तेही तात्याच म्हणायचे. तात्या मला ‘बाई’ म्हणत. की-बोर्डला हात लावण्याआधी ते साबणानं हात धुवायचे आणि मलाही धुवायला लावायचे, कारण माझ्या डब्यात लोणचं असतं हे त्यांना माहीत होतं. कॉम्प्युटर ‘बंद केला’ असं ते कधी म्हणत नसत. ‘निजवला’ म्हणत. प्रत्येक फाइलचं नाव, ती कुठे ठेवली, कुठल्या तारखेला बदलली, हे ते एका खिशातल्या डायरीत लाल पेनानं लिहून ठेवत. एकदा मी म्हटलं, “तात्या, हे सगळं कॉम्प्युटरमध्येच दिसतं की.” ते म्हणाले, “कॉम्प्युटर ऑफिसात ऱ्हातो बाई. मी कळसला ऱ्हातो.”

त्यांची खरी अडचण हीच होती. तात्यांना भारी शंका यायच्या. पावणेसहाच्या गाडीसाठी ते स्टँडवर पोचायचे, रांगेत उभे राहायचे, आणि गाडी लागली की त्यांच्या मनात यायचं, बावीस नंबर चारीची यादी आपण सेव्ह केली का? मग ते रांग सोडून उलटे ऑफिसला यायचे. चौकीदार ज्ञानबा कुलूप उघडायचा, तात्या हात धुवायचे, कॉम्प्युटर जागा करायचे, बघायचे, यादी जागेवर असायची. तोवर गाडी गेलेली. आठवड्यातून तीनदा तरी हे चालायचं. एकदा तर ते कळसला पोचले, चहा घेतला, आणि बायकोला ‘आलोच’ म्हणून पुन्हा बारामतीच्या गाडीत बसले. त्यांच्या बायकोला आम्ही शांताकाकू म्हणायचो. त्या पुढे मला म्हणाल्या होत्या की लग्नानंतर एवढ्या वर्षांत हा माणूस आपल्यासाठी कधी अर्ध्या वाटेतून परत आला नाही.

यावर तात्यांनी काढलेला पहिला उपाय म्हणजे ज्ञानबा.

ज्ञानबा ऑफिसच्याच आवारात एका खोलीत राहायचा. सरळ, सज्जन, मिशाळ माणूस. शाळेचं आणि त्याचं जमलं नव्हतं. आकडे त्याला फोन फिरवता फिरवता आले होते, अक्षरं मात्र नाहीत; इंग्रजी तर नाहीच. तात्यांच्या डोक्यात आलं की आपण कळसहून फोन करायचा आणि ज्ञानबानं आपल्या सांगण्याप्रमाणे बटणं दाबायची. अक्षरं येत नसली म्हणून काय झालं, डोळे तर आहेत. त्यांनी चार दुपारी त्याला शेजारी बसवून सव्वीस अक्षरं शिकवली, पण अक्षरं म्हणून नाही. डी म्हणजे पोट. आय म्हणजे काठी. ई म्हणजे फणी. टी म्हणजे टिकाव, यू म्हणजे नाल, सी म्हणजे विळा, एस म्हणजे साप, जे म्हणजे गळ, ए म्हणजे पाय फाकलेली घडवंची, एल म्हणजे गवंड्याचा गुण्या. बी ला ज्ञानबानं स्वतःच ‘दोन पोटांचा’ असं नाव दिलं. चौथ्या दिवशी तो एकही चूक न करता सगळी बटणं ओळखू लागला. मला ती अक्षरं शिकायला बालपणी याहून जास्त दिवस लागले होते.

तेव्हा तात्यांच्या घरी फोन नव्हता. ते कळसच्या टेलिफोन बूथवरून बोलायचे, आणि लाइन अशी खराब की ओरडावं लागायचं. बूथबाहेर थांबलेल्या लोकांना काचेतून ऐकू यायचं, “पोट दाब. पोट. आता काठी. काठीनंतर काय दिसतंय? भाकरी? मोठी का बारकी?” गावात अशी बातमी पसरली की लोंढे तात्या बारामतीच्या कुणा पोटदुखीच्या पेशंटला फोनवरून उपचार सांगतात. एक जण आपल्या सासऱ्याला घेऊन त्यांच्या दारात आला तेव्हा तात्यांना ते कळलं. त्यांनी त्या सासऱ्यांना ओवा दिला आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं.

भाकरीची भानगड वेगळी होती. ओ हे अक्षर आणि शून्य हा आकडा, दोन्ही ज्ञानबाला भाकरीच दिसायच्या. त्यामुळे एकदा संध्याकाळभर फाइल सापडेना. ती पुसली गेली असं धरून तात्या जेवले नाहीत. सकाळी पहिल्या गाडीनं आले, फाइल जागेवर. मग ठरलं, अक्षर ती भाकरी आणि आकडा ती पुरी. त्यानंतर घोटाळा झाला नाही.

वर्षभरानं तात्यांच्या घरी फोन आला. त्याच सुमारास बारामतीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला आणि त्याचं जुनं सामान निघालं. त्यातला एक कॉम्प्युटर तात्यांनी घेतला. पडदा काळा, अक्षरं हिरवी. तो घरी नेण्यासाठी त्यांनी एसटीच पत्करली. कंडक्टरनं विचारलं हे काय, तात्या म्हणाले कॉम्प्युटर. कंडक्टरच्या यादीत टीव्ही होता, शिलाई मशीन होतं, कोंबड्या होत्या, कॉम्प्युटर नव्हता. तो म्हणाला टीव्हीचं लगेज लावतो. तात्या म्हणाले, हा टीव्ही नाही, यात बातम्या लागत नाहीत. चुकीचं तिकीट मी घेणार नाही. गाडी स्टँडवर उभी, माणसं घामाघूम. शेवटी एका म्हातारबुवांनी तोडगा काढला, की वस्तू मांडीवर घेतली तर तिला लगेज नसतं. तात्या कळसपर्यंत तो पडदा मांडीवर आणि डबा पायांत धरून बसले. दुसऱ्या दिवशी ते लंगडत ऑफिसला आले, पण चेहरा असा की घरात नातू झाला असावा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरबरोबर मॉडेम नावाचं एक यंत्र आलं होतं. ते खोक्यातून कुणी काढलंच नव्हतं. तसंच एक तात्यांनी पुण्याहून स्वतःसाठी आणलं. हे यंत्र फोनच्या तारेला जोडलं की दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात आणि ऑफिसच्या पडद्यावर जे आहे ते घरच्या पडद्यावर दिसतं, हे त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. साहेब सही करायच्या गडबडीत होते. ते म्हणाले, “बघा काय ते. बिघडवू नका म्हणजे झालं.” ही परवानगी तात्यांनी तारखेसकट डायरीत लिहून ठेवली.

पहिले दोन रविवार यंत्रापेक्षा ज्ञानबाचाच त्रास झाला. फोन वाजला की उचलायचा, हे त्याचं नोकरीतलं पहिलं कर्तव्य. तो उचलायचा आणि कानात मॉडेमची ती कर्कश शिट्टी. पहिल्यांदा त्यानं फोन टाकून दिला आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसला. तात्यांनी सोमवारी त्याला समजावलं, रविवारी अकरा वाजता कॉम्प्युटर सुरू करायचा आणि बाजूला व्हायचं. तीन घंट्या झाल्या की यंत्र आपण होऊन फोन उचलतं. मधे हात घालायचा नाही.

तिसऱ्या रविवारी जमलं. सोमवारी तात्या माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, “बाई, काल मी बारामतीला आलो हुतो. कळसमधनं न उठता.” मग त्यांनी मला आणि माझ्या मिस्टरांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. जेवण हे निमित्त होतं.

एप्रिलचा महिना. आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. दोन खोल्यांचं सारवलेलं घर, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर भरतकामाच्या कापडाखाली कॉम्प्युटर. शांताकाकूंनी पुरणपोळीचा बेत केला होता. पण विजेचा दाब कमी-जास्त होऊ नये म्हणून तात्यांनी अकरा ते बारा मिक्सर लावायला बंदी केली होती, म्हणून त्या पाट्यावर पुरण वाटत बसल्या होत्या आणि वाटताना जे बोलायचं ते बोलत होत्या.

अकराला तात्यांनी हात धुतले आणि नंबर फिरवला. शिट्टी झाली, खरखर झाली, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून उमटू लागली, मुंग्या ओळीनं बाहेर याव्यात तशी. आमच्या ऑफिसातली, माझ्या हातानं टाइप केलेली यादी कळसच्या त्या घरात उमटत होती. माझे मिस्टर बँकेत होते. त्यांच्या बँकेत अजून कॉम्प्युटर नव्हता. ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले. तात्यांनी फक्त शांताकाकूंकडे बघितलं. त्यांनी पदराला हात पुसले, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, “झालं? लावू का आता मिक्सर?”

तेवढ्यात पडवीत माणसं आली. चौघं होती. पुढे हौसाबाई, साठीची बाई, पायात चप्पल नाही. चौदा नंबर चारीच्या शेवटी तिचं दीड एकर रान होतं आणि त्यात उन्हाळी भुईमूग. विधवा बाई, एकटीनं केलेलं पीक. तिनं दाराशी बसून सांगितलं ते असं, की पाणी काल तिच्या रानाला लागलं. निम्मं भिजलं. आणि आज कालव्याचे इन्स्पेक्टर जगदाळे येऊन म्हणाले की तुमच्या टोकाची पाळी आज दुपारी संपते, एक वाजता गेट खाली घेऊन पाणी बंद करणार. पुढची पाळी महिन्यानं.

“शेंगा भरत्यात आत्ता,” ती म्हणाली. “म्हैन्यानं पानी आलं तर काय, फोलपाटं भिजवू? तुमी त्या आफिसात हायसा. तुमी सांगा, खरं काय लिवलंय?”

एरवी तात्या म्हणाले असते की सोमवारी बघून सांगतो. त्या दिवशी ते वळले, खुर्चीवर बसले, डायरी उघडून फाइलचं नाव बघितलं आणि चार बटणं दाबली. चौदा नंबरची यादी ओळीओळीनं वर आली. टोकाच्या रानांपुढे मंगळवार लिहिलं होतं, संध्याकाळी चारपर्यंत. रविवार नव्हेच. मला एकदम आठवलं. नवी यादी मीच छापली होती आणि ती सहीसाठी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस पडून होती. जगदाळेंच्या हातात गेल्या वर्षीची यादी होती. त्यांचा दोष नव्हता.

तात्यांनी ती ओळ कागदावर उतरवली आणि माझ्या मिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसून गेटकडे गेले. जाताना शांताकाकूंना बजावलं, फोनला कुणी हात लावायचा नाही, यादी अशीच पडद्यावर राहू दे. काकू लाटणं घेऊन टेबलाशी बसल्या. हौसाबाई उंबऱ्यात बसून त्या हिरव्या अक्षरांकडे डोळा न हलवता बघत राहिली, जणू तिनं नजर काढली तर ती पुसली जातील.

गेटवर काय झालं ते मिस्टरांनी नंतर सांगितलं. जगदाळे जाडजूड, नियमानं चालणारे गृहस्थ. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, सही नाही, शिक्का नाही, हे तुमचं अक्षर आहे. उद्या कुणीही कागद लिहून आणील. तात्या म्हणाले, बरोबर आहे. मग यादीच बघा. जगदाळे म्हणाले, ती बारामतीला ऑफिसात, आणि ऑफिस बंद. तात्या म्हणाले, माझ्या घरी चला, ऑफिस उघडं आहे. जगदाळ्यांना वाटलं उन्हामुळे यांना काहीतरी झालंय. म्हणूनच ते आपल्या राजदूत मोटरसायकलवरून मागोमाग आले असावेत.

ते दारात आले आणि त्याच क्षणी पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटली, मग सगळं थांबलं. लाइन तुटली होती. तात्यांनी पुन्हा फोन लावला. तीन घंट्या व्हायच्या आत तिकडून आवाज आला, “ह्यालो.”

ज्ञानबाच होता. यंत्रावर तांबडा दिवा बराच वेळ लुकलुकत होता, आग लागेल म्हणून त्यानं त्याची वायर उपटली होती आणि नीट गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली होती. ती परत कुठे घालायची ते त्याला सांगता येईना आणि तात्यांना फोनवरून दाखवता येईना. घड्याळात साडेबारा. जगदाळे पडवीत उभे राहून घाम पुसत म्हणाले, “तात्या, मी निघतो. मला गेटवर जायला पायजे.”

तात्यांनी फोनवर हात ठेवला आणि खूप शांतपणे म्हणाले, “जगदाळेसाहेब, पाच मिनिटं. ती यादी ज्ञानबाच्या समोर पडद्यावर हाय. तुमी त्याला विचारा. मी बोलत न्हाय, मी बाहेर जातो.” आणि फोन जगदाळ्यांच्या हातात देऊन ते खरंच बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

जगदाळ्यांनी विचारलं, वाच. ज्ञानबा म्हणाला, मला वाचता येत नाही. जगदाळे चिडले. मग मी पुढे झाले आणि त्यांना सांगितलं की तो आकार सांगेल, तुम्ही लिहून घ्या. मी एका पाठकोऱ्या कागदावर कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर ते लिहून दिलं. जगदाळ्यांनी विचारलं, वर चौदा आकडा असलेली यादी सापडली का? सापडली. तिच्या शेवटच्या ओळीत काय आहे? ज्ञानबानं सावकाश सांगितलं आणि जगदाळे मोठ्यानं म्हणत लिहू लागले.

“टिकाव. नाल. फणी.” त्यांनी माझा कागद बघितला, आपला बघितला. “टी, यू, ई. ट्यूजडे.” मग, “पुढं आकडा? चार.”

तरी ते सुटेनात. ही यादी कुणाच्या माहितीवरून केली, त्याचं नाव खाली असतं, ते काय आहे? ज्ञानबानं थोडा वेळ घेतला. “गळ हाय,” जगदाळे त्याच्यामागून म्हणत लिहू लागले, “घडवंची. विळा, त्याला आत खुंटी. पोट. परत घडवंची. गुण्या. फणी.” लिहून झाल्यावर ते कागदाकडे बघत राहिले. इंग्रजीत त्यांचंच आडनाव होतं. पाहणी त्यांनीच केली होती, महिनाभरापूर्वी. यादी परत त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, इतकंच.

त्यांनी फोन ठेवला. खुर्चीवर बसले आणि शांताकाकूंनी दिलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले, “लिहितावाचता येणारा माणूस काय बी वाचून दाखवंल. ह्याला वाचताच येत न्हाय. हा खोटं कुठनं वाचणार?”

गेट मंगळवारी चार वाजता खाली आलं. पुरणपोळी आम्ही त्या रविवारी तीन वाजता जेवलो. जगदाळेही जेवले, चार पोळ्या.

पण जगदाळे नियमाचे असल्यामुळे त्यांनी रविवारची सगळी हकीकत आपल्या रोजनिशीत खरीखरी लिहिली, आणि ती रोजनिशी बुधवारी साहेबांच्या टेबलावर आली. साहेब वाईट नव्हते, पण वरच्यांना भ्यायचे. गुरुवारी सकाळी त्यांनी मला तात्यांच्या नावाची नोटीस टाइप करायला दिली. कार्यालयीन अभिलेख पूर्वपरवानगीशिवाय राहत्या घरी नेल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. मी ती टाइप केली, तात्यांच्या हातात दिली, आणि दुपारी त्यांचं उत्तरही मीच टाइप केलं. त्यातली काही वाक्यं मला अजून पाठ आहेत. ‘अभिलेख घरी नेलेला नाही. तो रविवारी दिवसभर कार्यालयातच होता, यास चौकीदार साक्षी आहे. तो माझ्या घरी दिसला, एवढेच. खिडकीतून रस्त्यावरील इसमास कार्यालयातील कॅलेंडर दिसले, म्हणजे त्याने कॅलेंडर नेले असे होत नाही. परवानगीची तारीख सोबत जोडली आहे.’

मी घाबरले होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी म्हटलं, “तात्या, माफी मागून मोकळं व्हा ना. एवढा हट्ट कशाला त्या यंत्राचा?”

 त्यांनी जे सांगितलं ते त्यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील गावची वेस राखणारे येसकर होते. गावचं सरकारी टपाल कळसहून इंदापूरच्या कचेरीत पायी पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं, ऊन असो की पाऊस. छप्पन सालानंतर त्यांनी दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. “आमच्या बानं वीस वर्षं सरकारी कागद वाहिला,” तात्या म्हणाले. “त्यात काय लिवलंय ते त्याला कुणी सांगितलं न्हाय, आन् इचारायची सोय न्हवती. रविवारी ती यादी माझ्या घरात आली बाई. बाच्या घरात. आन् ती हौसाबाई उंबऱ्यात बसून बघत हुती. ह्याची माफी कशी मागू?”

मी उत्तर टाइप केलं. एकही चूक केली नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. कॅलेंडरच्या वाक्यापाशी त्यांचा चेहरा हलला, पण हसले नाहीत. पत्रावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून प्रकरण मिटवलं, आणि मॉडेम कपाटात बंद करायला सांगितला. कपाटाच्या नोंदवहीत ज्ञानबाच्या सांगण्यावरून कुणीतरी लिहिलं, ‘शिट्टीचे यंत्र, नग एक.’ पण त्याच दिवशी साहेबांनी ड्रॉवर रिकामा केला, आणि पाणी सुटायच्या आठ दिवस आधी प्रत्येक यादी गावच्या चावडीवर लावायचा हुकूम काढला. तो हुकूमही मीच टाइप केला.

जूनमध्ये हौसाबाई पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन ऑफिसात आली. तात्या म्हणाले, सरकारी माणसाला घेता येत नाहीत. ती म्हणाली, तुमाला कुठं देतीय, यंत्राला देतीय. ज्ञानबानं त्या मीठ घालून उकडल्या. कॉम्प्युटरच्या खोलीत खायला तात्यांनी बंदी केली, म्हणून साहेबांसकट आम्ही सगळे व्हरांड्यात उभे राहून खाल्ल्या. जगदाळे पाण्याचं मोजमाप घेऊन आले होते, त्यांनीही ओंजळभर घेतल्या.

तात्या निवृत्त झाले त्या दिवशी भाषणं झाली, नारळ-शाल झाली. भाषणात ते तीन वाक्यं बोलले. मग त्यांनी आपली डायरी मला दिली आणि हात धुवायला सांगून कॉम्प्युटर शेवटचा निजवला. सहा महिन्यांनी वरून नवा कॉम्प्युटर आला, जुना निर्लेखित झाला, म्हणजे नोंदवहीतून खोडला गेला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते इंदापूरला जाताना. आमची एसटी कळसच्या थांब्यावर उभी राहिली. सकाळची वेळ, गाडीत गर्दी. मी खिडकीशी होते. थांब्यावरच्या कट्ट्यावर तात्या बसले होते. सफारी नव्हती, पांढरा सदरा, लेंगा, आणि चष्म्याला मागे दोरी. शेजारी एक म्हातारा बसला होता, डोक्याला मुंडासं, आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून एक सरकारी कागद पसरला होता. तात्या ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचत होते. एक शब्द झाला की थांबून म्हाताऱ्याकडे बघायचे. त्यानं मान हलवली की बोट पुढे.

मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी ऐकलं. पण ओळ संपलेली नव्हती. कागदावरची नजर न काढता त्यांनी डावा हात वर केला, थांबा म्हणून. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळणावर जाईपर्यंत मी मागे बघत होते. तो हात तसाच वर होता.